शहराच्या नावाचा उच्चार कोणाचा बरोबर? तिथल्या लोकांचा की बाकीच्या जगाचा?

नकाशावेडा (धागाकर्ता):
टोरांटोतले लोक आपल्या शहराला टोरांटो म्हणतच नाहीत. दुसरा ट सरळ खातात, ऐकू येतं ते 'टोरॉनो', आणि घाईत असले तर 'ट्रॉनो'. मेलबर्नवाले 'मेल्बन' म्हणतात, बाल्टिमोरच्या जुन्या वस्त्यांमध्ये 'बॉल्मर' चालतं. हे ऐकून बाहेरचे लगेच म्हणणार, काय अशुद्ध बोलतात, स्वतःच्या शहराचं नाव नीट घेता येत नाही. मला याचा मनापासून राग येतो. जी माणसं पिढ्यानपिढ्या तिथे राहतायत, ज्यांच्या तोंडी ते नाव रोजचं आहे ती चुकली आणि नकाशावर स्पेलिंग वाचून आपण जे म्हटलं ते बरोबर, हे कुठलं लॉजिक? इंग्लंडमधल्या लेस्टरच्या (Leicester) स्पेलिंगमध्ये मधली अक्षरं नुसती बसून आहेत, वुस्टर आणि ग्लॉस्टरचंही तेच, तिथे आपण काही न बोलता मान्य केलं ना? मग टोरॉनोने काय घोडं मारलंय? माझं मत स्पष्ट आहे, शहराचा खरा उच्चार तिथल्या लोकांचा, बाकीच्यांनी निदान प्रयत्न तरी करावा.

साधा_वाचक:
पूर्ण असहमत. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. 'लेस्टर' हे त्या गावाचं नावच आहे, लंडनचा माणूस म्हणो की ग्लासगोचा, दोघेही लेस्टरच म्हणणार. 'टोरॉनो' हा लहेजा आहे. तिकडे न नंतरचा ट बऱ्याच शब्दांत गळतो, 'ट्वेंटी'चं 'ट्वेनी', 'इंटरनेट'चं 'इनरनेट', त्यात शहराच्या नावाचं खास असं काही नाही. मेलबर्नचं पण तसंच, ऑस्ट्रेलियन इंग्रजीत र च्या पुढे स्वर नसेल तर तो र बोललाच जात नाही. आता स्कॉटलंडचा माणूस, जो प्रत्येक र ठणकावून म्हणतो, त्याने फक्त या एका शहरासाठी र गिळायचा का? तो गिळायला लागला तर तिथल्यांना आदर नाही वाटणार, आपली नक्कल चाललीय असंच वाटेल. लहेजा ज्याचा त्याचा असतो, तो पाहुण्याने उसना घ्यायची गरज नाही.

स्वरवेडी:
मुद्दा चांगला आहे पण नाव आणि लहेजा यांच्यात एवढी सरळ रेघ मारता येत नाही हो. ब्रिस्टल घ्या. जुनं नाव 'ब्रिग्स्टो'सारखं होतं, पुलाजवळची जागा, शेवटी ल नव्हताच. त्या भागात स्वरावर संपणाऱ्या शब्दाला ल जोडायची सवय आहे, 'आयडिया'चं 'आयडियल' होतं, आणि त्या सवयीतूनच शहराच्या नावाला ल चिकटला असं मानतात. म्हणजे ज्याला आज कोणी गावंढळ म्हणेल तोच लहेजा नकाशावर छापला गेला आणि आता तो सगळ्या जगाला 'शुद्ध' वाटतो! न्यूकॅसलमध्ये तर दोन्ही गोष्टी एकाच नावात आहेत. इंग्लंडच्या दक्षिणेकडचे 'कासल' असं लांबवतात तो त्यांचा लहेजा, ठीक आहे, पण तिथले लोक जोर देतात तो 'कॅ'वर आणि बाहेरचे देतात 'न्यू'वर. हा जोर लहेजात धरायचा की नावात? मी तरी नावात धरीन.

दोन्ही_काठ:
सगळे 'तिथले लोक' 'तिथले लोक' म्हणतायत पण ते लोक म्हणजे नक्की कोण? इंग्लंडमधल्या श्रूझबरीत निम्मे 'श्रूझबरी' म्हणतात, निम्मे 'श्रोझबरी', आणि दोघेही तिथलेच. लॉस एंजेलिसमध्ये बरीच वर्षं 'लॉस ॲंगलस' असा ग वाला उच्चार सर्रास चालायचा, स्पॅनिश बोलणाऱ्या घरांमध्ये 'लोस आंखेलेस', मग १९५२ मध्ये महापौरांनी चक्क ज्युरी नेमली आणि ज वाला उच्चार अधिकृत ठरवला. ज्यांच्या भाषेतून ते नाव आलं त्यांचाच उच्चार बाजूला पडला. त्यामुळे स्थानिकांचं ऐका म्हणणं सोपं आहे, कुठल्या स्थानिकांचं ते सांगा.

नकाशावेडा:
@दोन्ही_काठ, ज्युरी नेमून उच्चार ठरवणं मलाही पटत नाही, आणि असे ठराव हद्दीपलीकडे चालतही नाहीत. अमेरिकेतल्या आर्कन्सॉ (Arkansas) राज्याने १८८१ मध्ये ठराव केला की शेवटचा स उच्चारायचा नाही. पण कॅन्झस राज्यात त्याच स्पेलिंगचं एक शहर आहे, आर्कन्सॉ सिटी असं आपण वाचू, तिथले लोक मात्र 'आरकॅन्झस सिटी'च म्हणतात. श्रूझबरीत दोन उच्चार असतील तर दोन्ही बरोबर, त्यात काय अडचण आहे? अडचण तेव्हा होते जेव्हा तिथला एकही माणूस जो उच्चार करत नाही तो त्यांच्यावर लादला जातो.

साधा_वाचक:
मग पॅरिसचं काय करता? तिथले 'पारी' म्हणतात. इंग्रजी बोलताना मध्येच 'पारी' म्हणणारा माणूस दिखाऊ वाटतो. बीबीसीने उच्चारांसाठी सल्लागार समिती नेमली १९२६ मध्ये, म्हणजे या प्रश्नाशी ते शंभर वर्षं झगडतायत, आणि त्यांचा आजचा रिवाज मला योग्य वाटतो. इंग्रजी बोलणाऱ्या देशातलं गाव असेल तर तिथला उच्चार, आणि पॅरिस, फ्लॉरेन्ससारखं रुळलेलं परकीय नाव असेल तर रुळलेलंच. तिथला उच्चार म्हणजे सुद्धा नाव तिथलं, लहेजा बोलणाऱ्याचा. एवढं मान्य असेल तर आपला वाद बराच कमी होतो.

स्वरवेडी:
रिवाज ठीक आहे, पण तो पाळायला आधी कोणाला तरी विचारावं लागतं आणि तेच होत नाही. केंटकीत व्हर्साय नावाचं गाव आहे, फ्रान्समधल्यावरून ठेवलेलं, तिथले लोक 'व्हर्सेल्स' म्हणतात. इलिनॉयमधलं कैरो 'केरो' होतं. शिकलेला पाहुणा येतो आणि त्यांना त्यांच्याच गावाचं नाव दुरुस्त करून सांगतो, फ्रेंचमध्ये असं नाही म्हणत म्हणून. अहो पण ते फ्रेंच बोलतच नाहीयेत, आपल्या गावाचं नाव घेतायत. असं सारखं ऐकून घेतलं की मुलं बाहेरगावी शिकायला गेल्यावर नाव बदलून सांगायला लागतात, मुलाखतीत तर नक्कीच. साधा_वाचक, तुमच्या त्या स्कॉटिश माणसाला कोणी र गिळायला लावत नाहीये. पण बॉल्मर म्हणणाऱ्याला मात्र सगळेजण ट उच्चारायला लावतात, आणि याला तुमच्या रिवाजात काहीच उत्तर नाही.