कथा लिहिते, डीटीपी करते, आता पुस्तकाचंच शिक्षण घ्यायचंय. कुठं जाऊ?

शिरोरेषा, सोलापूर
नमस्कार मंडळी. साखर पेठेत आमची छोटी प्रेस आहे, बारावीपासून मी तिथं डीटीपी करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, अधूनमधून कुणाचा तरी कवितासंग्रह. यंदा एमए मराठी झालं. कथाही लिहिते, तीन-चार छापून आल्यात.

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात माझी कथा आली. कथेतला म्हातारा डोंगरातल्या दऱ्यांकडं बघत बसतो, आणि अंकात तो 'दर्यांकडं' बघत बसला. डोंगरात समुद्र! मी युनिकोडमध्ये पाठवलेलं, त्यांनी जुन्या फॉन्टमध्ये फिरवताना तो अर्ध्या चंद्रासारखा र गेला आणि वर रफार चढला, प्रूफ वाचणाऱ्यालाही दिसलं नाही. मला त्या दिवशी रडूच आलं. तेव्हापासून डोक्यात बसलंय की लिहिणं, संपादन आणि मांडणी ही तिन्ही कामं एकाच माणसाला नीट यायला पाहिजेत, निदान कळायला तरी पाहिजेत. असं तिन्ही एकत्र शिकवणारा पदव्युत्तर कोर्स आपल्याकडं कुठं आहे का? घरचे बीएड कर म्हणतात. पैशाचाही विचार करावा लागतो.

मूळचा_बार्शीकर
ताई, मी आयआयटी मुंबईच्या आयडीसीमधून, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागातून एमडेस (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) केलं, दोन वर्षांचं असतं. त्यासाठी सीड (CEED) ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, जानेवारीत असते, म्हणजे आपल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपासच. वयाची अट नाही आणि तीन वर्षांची कुठलीही पदवी चालते त्यामुळं एमए मराठीवाली म्हणून बिचकू नकोस. पहिला भाग कॉम्प्युटरवर, दुसरा हातानं चित्र काढून. त्यानंतर प्रत्येक संस्थेचा इंटरव्ह्यू आणि पोर्टफोलिओ वेगळा. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत ग्राफिक डिझाइनचं एमडेस आहे, त्याची परीक्षा वेगळी, डॅट म्हणतात.

विंडोजमधला मंगल फॉन्ट ज्यांनी केला ते र. कृ. जोशी सर आयडीसीतच शिकवायचे, त्यामुळं देवनागरी अक्षराचा नीट विचार करायची सवय त्या जागेला आहे. पण कथा लिहायला तिथं कुणी शिकवणार नाही हे आधीच सांगतो.

आणि पोर्टफोलिओत लग्नपत्रिका लपवू नकोस, त्याच आधी लाव! पूर्व भागातल्या पद्मशाली घरांच्या पत्रिका तू केल्याच असशील, वर तेलुगू खाली मराठी, कधी कानडी पाहुण्यांसाठी तिसरी लिपी. तेलुगूला शिरोरेषा नाही, अक्षरं गोल, खालीवर वेलबुट्टीसारखी पसरतात. मराठी शेजारी त्याच मापात ठेवलं की एक ओळ दाट दिसते आणि दुसरी विरळ. तू ते कसं जुळवतेस, अक्षराचा पॉइंट (आकार) किती कमी करतेस, दोन ओळींत जागा किती सोडतेस, हे कच्च्या कागदांसकट दाखव. आमच्या वर्गातल्या कित्येकांनी हा प्रश्न फक्त पुस्तकात वाचला होता, तू रोज सोडवतेस.

चौथा_फर्मा, पुणे
बाळ, मी एका प्रकाशनात सव्वीस वर्षं मुद्रितशोधन आणि संपादन केलं. वरच्या भावानं डिझाइनचं बरोबर सांगितलंय पण मला थोडं वेगळं वाटतं. डिझाइनच्या पदवीत दोन वर्षं गेली की लिहिणं मागं पडतं, असे दोघंतिघं मी जवळून पाहिलेत. तुझं दुखणं 'दर्या'चं आहे, म्हणजे तुझा जीव शब्दात आहे.

तिन्ही एकत्र मराठीत शिकवणारी पदवी माझ्या पाहण्यात नाही. अमेरिकेत बाल्टिमोर विद्यापीठानं लेखन आणि प्रकाशनकला मिळून एमएफए ही पदव्युत्तर पदवी काढली, त्यात विद्यार्थी शेवटी स्वतःचं पुस्तक लिहून, मांडून, तयार करून देतात. तुला पाहिजे तसंच, पण इंग्रजीत. आयोवाची लेखन कार्यशाळा तर 1936 पासूनची. आपल्याकडं दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात सर्जनशील लेखनाचं एमए आहे, कोलकात्यात जादवपूरला संपादन-प्रकाशनाचा डिप्लोमा आणि सीगलची प्रकाशन शाळा आहे. तुझ्या खिशाला आणि प्रेसला सांभाळून करायचं तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पुस्तक प्रकाशनाचा पीजी डिप्लोमा बघ, घरून होतो. नॅशनल बुक ट्रस्टही छोटे प्रशिक्षण वर्ग घेतं.

इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असशील तर त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू ठेव, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. आणि फॉन्ट फिरवल्यावर आधी 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' शोधायचे. दऱ्या, वऱ्हाड, दुसऱ्या, कोऱ्या. मग बाकीचं प्रूफ.

नवीपेठ_वाचक
मी सोलापूरचाच. कोर्स कुठलाही घे पण जायच्या आधी तुझ्या कथांचं एक पुस्तक स्वतः कर ना, प्रेस घरची आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, अर्ज ऑनलाइन होतो. शंभर प्रती काढ. मुक्ता फॉन्ट फुकट आहे, शीर्षकांना छान दिसतो.

शिरोरेषा, सोलापूर
सगळ्यांचे खूप आभार, खरंच. काका, काल तुमचं वाचून प्रेसमधल्या एका जुन्या फाइलीत 'ऱ्य' शोधला, गेल्या महिन्यात छापलेल्या संग्रहात चार ठिकाणी चुकलाय, आणि ते प्रूफ मीच वाचलं होतं. ज्यांचा संग्रह आहे त्या आजोबांना आज फोन करून सांगितलं. ते गप्प झाले, मग म्हणाले शुद्धिपत्र चिकटवून दे. देणार आहे.

पुस्तकाचं बाबांशी बोलले. माझा मजकूर डेमी आकारात 90 पानं होतो. ते लगेच म्हणाले, सोळा पानांचा एक फर्मा, साडेपाच फर्म्यांवर दोन पानं जास्त होतात, 88 वर आण नाहीतर 96 कर. आधी वाटलं समास कमी करून बसवू. रात्री परत वाचलं तर शेवटच्या कथेतली शेवटची दोन पानं नकोच आहेत, म्हातारा दरीकडं बघतो तिथंच ती संपते. ती काढली.

इग्नूचं माहितीपत्रक उतरवून घेतलंय. सीडलाही यंदा बसून बघते, सेंटर पुणं टाकणार. बार्शीकर दादा, चित्र काढायची सवय मला अजिबात नाही, दुसऱ्या भागासाठी रोज काय काढू ते सांगाल का? तेलुगू-मराठी पत्रिकांचे कच्चे कागद रद्दीत जायच्या आधी आजच वेगळे काढून ठेवलेत.