मदत हवी आहे: कॅज्युअल्टीत डॉक्टरला मारहाण, पोलिसांनी फक्त एनसी (अदखलपात्र नोंद) घेतली

रात्रपाळी_७
परवा रात्री नातेवाइकांनी आमच्या ज्युनिअर रेसिडेंटला मारलं. ती मणिपूरची आहे. आधी "ए चिंकी, हात लावू नकोस, आपला डॉक्टर बोलव" आणि मग किडनी ट्रे फेकून मारला. भुवईवर टाके पडलेत. पोलिसांनी एनसीचा कागद हातात दिला. एफआयआर कसा करून घ्यायचा? लवकर सांगा, उद्या तिची ड्युटी आहे.

दादरकर
रुग्णालय पालिकेचं की खासगी? एमएलसी (पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद) केली का? त्यावर कलमं ठरतात.

रात्रपाळी_७
पालिकेचं. टाके सहकाऱ्यानेच घातले. एमएलसी कशाला, ती आमचीच डॉक्टर आहे ना?

दादरकर
तिथेच चुकलं. इजेचा कागदच नाही मग. आजच नोंद करा: जखमेची जागा, लांबी सेंटिमीटरमध्ये, टाके किती, कशाने लागलं. आजचीच तारीख आणि वेळ घाला, मागची नको. उशिरा नोंद कोर्टात समजावता येते, खोटी नोंद केस बुडवते. रक्ताचा एप्रन धुऊ नका. वाळवून कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते.

फोर्ट_वकील
साधी मारहाण म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ११५(२), ते अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून एनसी. अर्जात महाराष्ट्राचा २०१० चा वैद्यकीय सेवा कायदा नाव घेऊन लिहा: दखलपात्र, अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद. पालिकेची डॉक्टर लोकसेवक, म्हणून न्याय संहितेची १२१ आणि १३२ सुद्धा. अर्ज अधिष्ठात्यांच्या सहीने, संस्थेच्या लेटरहेडवर जाऊ दे. मुलीला एकटीला ठाण्यात पाठवू नका. तरी नाही घेतला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली डीसीपींना पोस्टाने पाठवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेट.

मुलुंड_माऊली
ॲट्रॉसिटी का नाही? सरळ वांशिक शिवी आहे.

फोर्ट_वकील
ती कुकी किंवा नागा असेल तर अनुसूचित जमातीत, मैतेई असेल तर नाही. आधी तिला विचारा.

मुलुंड_माऊली
आणि जमातीचा दाखला मणिपूरचा म्हणून ठाण्यात परत पाठवतील!

फोर्ट_वकील
ते चालणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये सांगितलंय, या कायद्याचं संरक्षण देशभर आहे. पण कलम ३(१)(आर) साठी जमातीवरून अपमान सिद्ध करावा लागतो, "चिंकी" एवढ्यावर अवघड. मारहाणीची कलमं आधी लावून घ्या.

नर्सिंग_परळ
बाउन्सर नेमा आणि एका पेशंटमागे दोनच पास द्या, सगळं थांबेल.

वसईची_मीरा
पेशंटशीही कुठे नीट वागतात? बिहारी मजुराला "भय्या, बाजूला हो" ऐकावं लागतं. आणि गडद त्वचेवर पल्स ऑक्सिमीटर ऑक्सिजनचा आकडा जास्त दाखवू शकतो. अशा पेशंटचा ९४ बघून घरी पाठवू नका, धाप लागत असेल तर एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या ऑक्सिजनची तपासणी) करा.

दादरकर
मीरा, मुद्दा खरा आहे, वेगळा धागा काढा. इथे मुलीला उद्या ड्युटीवर जायचंय. रात्रपाळी, सीसीटीव्हीचं काय?

रात्रपाळी_७
दरवाजावर कॅमेरा आहे. सुरक्षा अधिकारी म्हणाले, मागाल तेव्हा देऊ.

फोर्ट_वकील
तोंडी नको. जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं. आज लेखी द्या: कॅमेरा कुठला, तारीख, कितीपासून कितीपर्यंत. पोचपावतीवर शिक्का घ्या. फुटेजसोबत साक्ष अधिनियमाच्या ६३(४) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्रही मागा.