मदत हवी आहे : टाकाऊ साहित्यातून मांजरीचे घर, थंडीत उबदार आणि एप्रिलमध्येही राहण्याजोगे

नमस्कार.

नाशिकला गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीत पंपघरामागे एक भाटी राहते. ती गाभण असून डिसेंबरमध्ये व्यायची असे दिसते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांखाली उतरतो आणि नवजात पिल्लांना पहिले काही आठवडे स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही, म्हणून त्याआधी तिला एक बंदिस्त घर करून द्यावे असे ठरवले आहे. सोसायटीने जागा दिली आहे, पैसे दिलेले नाहीत (मांजरीच्या नावाने वर्गणीचा विषय निघाला असता तर सभा संपलीच नसती), त्यामुळे सारे साहित्य भंगारातले आहे.

सातपूरच्या एका कारखान्याने टाकून दिलेली दोन लाकडी पॅलेट, फ्रिजच्या खोक्यातले दीड-दोन इंच जाडीचे थर्माकोल, निवडणुकीनंतर उतरवलेले फ्लेक्स, पत्र्याचा एक तुकडा आणि द्राक्षाचे दोन प्लास्टिक क्रेट एवढे जमले आहे. पॅलेटवर ‘एचटी’ असा शिक्का आहे, म्हणजे त्या लाकडावर केवळ उष्णतेची प्रक्रिया झालेली आहे. ‘एमबी’ शिक्क्याच्या पॅलेटला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, म्हणून ती तिथेच सोडली. क्रेट पालथे घालून त्यांवर घर बसवायचे, म्हणजे जमिनीचा गारवा आणि पाणी दोन्ही लांब राहतील.

माप आतून दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच धरले आहे. याहून मोठी जागा एका मांजरीच्या अंगाच्या उबेने तापणार नाही, तेव्हा ‘ऐसपैस करा’ हा सल्ला कृपया देऊ नये. दार सहा इंच रुंदीचे असेल आणि पिल्ले बाहेर गडगडू नयेत म्हणून त्याला चार इंचांचा उंबरा ठेवीन.

खरी अडचण थर्माकोलची आहे. ते भिंतींना आतून लावले तर भाटी नखांनी कोरणार आणि त्याचे दाणे तिच्या किंवा पिल्लांच्या पोटात जाणार. त्यावर आतून फ्लेक्स ताणून बसवावा असा एक विचार आहे, पण मग आत दमटपणा साचेल का? शिवाय चिकटवायला काय वापरावे, हेही कळत नाही.

दुसरी अडचण छपराची. त्या कोपऱ्यात दुपारनंतर पश्चिमेचे ऊन थेट येते. वर पत्रा घातला तर पाऊस अडेल, पण एप्रिलमध्ये पारा ४० च्या आसपास गेल्यावर आत कोण बसेल? उन्हाळ्यात थर्माकोल काढून ठेवता येईल अशी रचना करावी का?

अंथरुणासाठी शेजाऱ्यांनी जुन्या गोधड्या देऊ केल्या आहेत. कुत्र्यांपासून पळता यावे म्हणून दुसरे दार ठेवावे का, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद :

आपला आराखडा चांगला आहे, थोडे फेरफार सुचवतो. थर्माकोल उघडे ठेवूच नका. पॅलेटच्या फळ्या बाहेरून, मध्ये थर्माकोल आणि आतून पातळ प्लायवूड किंवा फळांच्या पेटीच्या पट्ट्या, अशी दुहेरी भिंत करा. खिळ्यांनी सारे जागेवर बसते आणि चिकटवण्याचा प्रश्नच उरत नाही. पंक्चरवाल्याकडचे रबर सोल्युशन किंवा पायताणे चिकटवण्याचे सोल्युशन तर मुळीच लावू नका, त्यातील द्रावकाने थर्माकोल विरघळते. फ्लेक्स बाहेरून गुंडाळा. आत लावलात तर श्वासाची वाफ त्यावर दवासारखी साचेल आणि अंथरूण ओले होईल.

थर्माकोल उन्हाळ्यातही काढू नका. ते ऊब आत ठेवते तसेच ऊन बाहेर ठेवते. उन्हाळ्यात त्रास होतो तो कोंडलेल्या हवेचा. म्हणून पत्रा छपरावर थेट न ठोकता दोन इंचांच्या पट्ट्यांवर उचलून, मागे उतार देऊन बसवा, म्हणजे मधून हवा खेळेल. भिंतीत वरच्या बाजूला दोन-तीन भोके पाडा आणि थंडीत ती अर्धी बुजवा, पूर्ण नको. घर क्रेटवरच असल्याने मार्चनंतर ते सरळ पूर्वेकडच्या सावलीत हलवता येईल.

गोधड्या नम्रपणे परत करा. कापड ओल धरते आणि पिल्लांची नखे धाग्यांत अडकतात. घोटी-इगतपुरीकडचा कोरडा भाताचा पेंढा भरपूर भरा; त्याच्या पोकळ काड्यांत हवा राहते आणि मांजर त्यात स्वतःची खळगी करून घेते. तो ओला वाटला की बदला.

दुसऱ्या दाराने वारा आरपार जाईल. त्याऐवजी एकच दार कुंपणभिंतीकडे तोंड करून ठेवा आणि मध्ये फक्त मांजर शिरेल एवढीच बोळ सोडा. बोका मात्र कोणत्याही दारातून येईल, कारण तो भाटीच्याच मापाचा. त्याला भाटीच आवरेल.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण झाडलोट करणाऱ्या मावशींना आजच सांगून ठेवा : त्या कोपऱ्यात फिनाईल नको. फिनॉलसारखी रसायने मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत आणि ते पंजे चाटते. वाळवीचे औषधही त्या लाकडाला लावू नका.

घर व्यायच्या किमान दोन आठवडे आधी जागेवर ठेवा आणि तिचे जेवण दाराशी द्यायला लागा. पिल्ले झाल्यावर पहिले काही दिवस आत हात घालू नका, नाहीतर ती एकेक तोंडात धरून सारी पंपघरात नेऊन ठेवेल.