जुन्या एक्सबॉक्स ३६०ला संगणकाचा एसएमपीएस: दुरुस्ती की जुगाड?

धागाकर्ता

परदेशस्थ नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेले एक्सबॉक्स ३६० हे मायक्रोसॉफ्टचे गेम कन्सोल आपल्याकडे अनेक घरांत आहेत, आणि त्यांतले काही इथे आल्यावर पहिल्यांदा प्लग लावताच बंद पडलेले आहेत. कारण उघड आहे. २००५ साली आलेल्या या कन्सोलचा विटेएवढा अमेरिकी अडॅप्टर १०० ते १२७ व्होल्टसाठीच बनवलेला होता, आणि आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. अडॅप्टर जळतो, पण कन्सोल बहुतेक वेळा शाबूत राहतो.

अशा कन्सोलला संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, जोडणे ही रीतसर दुरुस्ती आहे आणि तिला जुगाड म्हणून हिणवण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे. या यंत्राला दोनच व्होल्टेज लागतात: चालू असताना १२ व्होल्ट आणि बंद असतानाही मिळत राहणारे ५ व्होल्ट. ही दोन्ही कोणत्याही एटीएक्स (डेस्कटॉप संगणकांतल्या नेहमीच्या प्रकारच्या) एसएमपीएसमध्ये तयार असतात. पहिल्या पिढीचा अडॅप्टर २०३ वॉटचा, म्हणजे १२ व्होल्टवर १६.५ अँपिअर देणारा होता, आणि एखाद्या बऱ्या ४५० वॉटच्या एसएमपीएसला तेवढा भार जड नाही. जळलेल्या अडॅप्टरची कन्सोलकडे जाणारी केबल कापून वापरायची. तिच्यातल्या पिवळ्या तारा एसएमपीएसच्या पिवळ्यांना आणि काळ्या काळ्यांना जोडायच्या; लाल तार मात्र लालला न जोडता जांभळ्या तारेला जोडायची, कारण एसएमपीएस बंद असताना ५ व्होल्ट फक्त तिथेच मिळतात.

सावधगिरी

मी असहमत आहे. 'बऱ्या एसएमपीएसला' हे दोन शब्द धागाकर्त्यांनी फार सहज लिहिले आहेत. लॅमिंग्टन रोडवर काय किंवा बुधवार पेठेत काय, स्वस्तातला एसएमपीएस घेतला तर स्टिकरवर ठळक अक्षरांत ४५० वॉट असते, पण त्याच स्टिकरवरच्या १२ व्होल्टच्या रकान्यात अनेकदा इतके कमी अँपिअर छापलेले असतात की पहिल्या पिढीच्या कन्सोलचे त्यात भागणार नाही. दुसरे असे की, जुन्या धाटणीच्या एसएमपीएसमध्ये ५ आणि १२ व्होल्टचे नियंत्रण एकत्रच होते. त्यामुळे सगळा भार १२ व्होल्टवर पडला आणि ५ व्होल्टची बाजू मोकळी राहिली, तर १२ खाली येतात आणि ५ वर चढतात. मग खेळ रंगात आला की कन्सोल मध्येच बंद पडतो आणि दोष कन्सोलच्या माथी मारला जातो. त्यापेक्षा २३० व्होल्टचा तयार अडॅप्टर विकत घेणे शहाणपणाचे नाही का?

धागाकर्ता

स्टिकरवरचा १२ व्होल्टचा रकाना वाचावा, हे अगदी मान्य. पण मोकळ्या ५ व्होल्टवर उपाय आहे: लाल आणि काळ्या तारेमध्ये १० ओहम, १० वॉटचा सिरॅमिक रेझिस्टर बसवला की अर्धा अँपिअर भार पडतो आणि बऱ्याच जुन्या एसएमपीएसचे १२ व्होल्ट जागेवर येतात. तरीही कन्सोल जोडण्यापूर्वी मल्टिमीटर लावून खात्री करावी, आणि १२ व्होल्ट एकाच तारेवर न आणता किमान तीन तारांवर वाटून घ्यावेत.

आता तयार अडॅप्टरविषयी. बाजारात आज सहज मिळतात ते बहुतेक नक्कल केलेले असतात, आणि त्यांच्यावरचे आकडे एसएमपीएसच्या स्टिकरइतकेच भरवशाचे असतात. शिवाय २०३ वॉटच्या कन्सोलला पुढच्या काळातला १७५ किंवा १५० वॉटचा अडॅप्टर बसतच नाही. प्लगची खाच मुद्दाम वेगळी ठेवलेली आहे.

निळी तार

दोघांनीही अडॅप्टरच्या केबलमधल्या निळ्या तारेचा विषय टाळला आहे आणि खरी मेख तिथेच आहे. कन्सोल सुरू करताच निळ्या तारेवर व्होल्टेज येते, तर एसएमपीएस चालू होण्यासाठी त्याची हिरवी तार काळ्या तारेकडे खाली ओढावी लागते. संकेत एकमेकांच्या उलट असल्याने या दोन तारा थेट जोडून उपयोग नाही. मध्ये बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, म्हणजे तीन पायांचा छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच, घालावा: निळी तार रेझिस्टरमधून बेसला, हिरवी कलेक्टरला आणि एमिटर काळ्या तारेला. पुष्कळ जण हिरवी तार कायमची काळीला जोडून मोकळे होतात. त्याने कन्सोल चालतो, पण बटण बंद असतानाही १२ व्होल्ट आत जात राहतात आणि पंखा फिरत राहतो. त्याला मात्र मीही जुगाडच म्हणेन.

शंकेखोर

मुळात दोष अडॅप्टरचा आहे हे कोणी तपासले? अडॅप्टरवरचा दिवा नारिंगी किंवा हिरवा असेल आणि कन्सोलवर तीन लाल दिवे लागत असतील, तर बिघाड बहुधा आतल्या बोर्डावर आहे. तिथे एसएमपीएस बदलून काहीही साधणार नाही. याच तक्रारीसाठी मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली होती. आणि हा धागा वाचून कोणी पहिल्या प्लेस्टेशनला एसएमपीएस जोडायला जाऊ नये. त्याला ७.५ आणि ३.५ व्होल्ट लागतात, सेगा सॅटर्न या जुन्या कन्सोलला ९ व्होल्टही लागतात, आणि ही व्होल्टेज एसएमपीएस देत नाही. सेगाच्याच ड्रीमकास्ट कन्सोलचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट मात्र जुळतात.

सावधगिरी

आणखी एक आक्षेप, आणि तो माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत आजही कित्येक सॉकेटना अर्थिंग नसते. अशा ठिकाणी एसएमपीएसच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, कारण आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे पत्रा पुरवठ्याच्या सुमारे निम्म्या व्होल्टेजवर तरंगत असतो. काळ्या तारांमधून तेच व्होल्टेज कन्सोलच्या धातूच्या भागांवर आणि केबलवाटे टीव्हीपर्यंत पोहोचते. विद्युतप्रवाह अल्प असतो हे खरे, पण लहान मुले ज्या वस्तूला ओल्या हाताने शिवतात तिच्याविषयी 'अल्प' या शब्दावर मी समाधान मानणार नाही.

धागाकर्ता

अर्थिंग नसलेल्या घरात हा एसएमपीएस लावू नये, हे मी बिनशर्त मान्य करतो. पण त्याच घरातल्या संगणकाचा पत्रा याच कारणाने मुंग्या आणतो आणि त्याला कोणी हरकत घेतलेली नाही.

सावधगिरी

ती हरकतही मी घेतो. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग सोल्डरिंग गन हातात घ्या.