मधला टप्पा रेल्वेने, टोकं ट्रकने: हिशेब कसा मांडायचा?

प्रश्न
खोक्यांतला माल ९०० किलोमीटरवरच्या गोदामात सध्या ट्रेलरने थेट जातो. तो २० फुटी कंटेनरमधून रेल्वेने न्यायचा विचार आहे. दोन्ही टोकांना ट्रक लागणारच, मग बचत कुठे खाल्ली जाते? आणि माल भरताना काय बदलावं लागेल? (खालची उत्तरं ‘मालगाडी’ आणि ‘ट्विस्टलॉक’ या टोपणनावांनी लिहिणाऱ्या दोघांची आहेत.)

मालगाडी
पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी ओढीत फिरतं, म्हणून इंधन वाचतं. पण कंटेनर चढवणं-उतरवणं, टोकांच्या ट्रकफेऱ्या आणि यार्डातला मुक्काम हा खर्च अंतर १०० असो की ९००, तेवढाच. टोकाच्या ट्रकचं रिकामं परतणंही त्यात धरा. टर्मिनल कारखान्यापासून ८० किलोमीटर उलट्या दिशेला असेल तर बचत तिथेच संपते.

ट्विस्टलॉक
भरण्याकडे आधी बघा, नुकसान तिथेच होतं. रस्त्यावर ब्रेक लागला की माल पुढे रेटतो. पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट आणि मागच्या दिशेने ०.५ पट जोर धरून माल बांधायचा असतो. रेल्वेत शंटिंगचा (डबे जोडताना-हलवतानाचा) धक्का दोन्ही बाजूंनी बसतो, म्हणून दरवाजाकडची पोकळीही लाकडी ठोकळ्यांनी किंवा हवेच्या पिशव्यांनी भरून काढा. नाहीतर दार उघडताना खोकी अंगावर येतात. लांबीच्या कोणत्याही अर्ध्या भागात ६० टक्क्यांहून जास्त वजन नको. कंटेनरच्या पाटीवर एकूण ३०,४८० किलो लिहिलेलं असलं तरी वाघिणीला (मालडब्याला) चालणारं वजन टोकाच्या ट्रकच्या अ‍ॅक्सलला चालेलच असं नाही. वजन ट्रकच्या मर्यादेवरूनच ठरवा.

प्रश्नकर्ता
आणि गाडी उशिरा आली तर?

मालगाडी
खरी अडचण तीच. ४५ वाघिणींवर दोन-दोन धरले तर २० फुटी ९० कंटेनर एकदम उतरतात. ट्रक मात्र एका फेरीत एक-दोनच नेतात. वेळ वाटून घेतली नाही तर टर्मिनलच्या फाटकाशी रांग लागते, मोफत मुदत उलटते आणि डेमरेज (उशिराचा आकार) सुरू होतं. पाठवतानाही कटऑफच्या (कंटेनर स्वीकारण्याच्या शेवटच्या वेळेच्या) काही तास आधी कंटेनर आत हवा, कारण चुकलेली गाडी ट्रकसारखी तासाभराने पुन्हा निघत नाही.

माझं मत: सगळा माल रेल्वेवर टाकू नका. दर आठवड्याला हमखास लागणारा साठा रेल्वेने, अचानक वाढलेली मागणी थेट ट्रकने.

ट्विस्टलॉक
प्रत्येक ताबाबदलाला सीलचा क्रमांक तपासून नोंदवा. नंतर माल कमी निघाला तर तो कोणाच्या ताब्यात असताना गेला, हे त्याच नोंदीवरून कळतं.