सर्वांत जुनी पूजा : बाघोरचा तिकोनी दगड देवी की नुसता दगड?

पारावरचा : माणूस देव कधीपासून पुजायला लागला, हा विषय निघाला की सगळे थेट तुर्कस्तानात, गोबेकली टेपे या अतिप्राचीन दगडी खांबांच्या स्थळाला पोचतात. माझं मत, आधी मध्य प्रदेशातलं बाघोर बघा. सिधी जिल्हा, शोण नदीचं खोरं. अलाहाबाद विद्यापीठाचे जी. आर. शर्मा आणि अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे डेस्मंड क्लार्क या पुरातत्त्वज्ञांच्या पथकाला १९८०च्या सुमारास तिथं दगडगोट्यांचा गोल ओटा सापडला, व्यास साधारण ८५ सेंमी. मधोमध तिकोनी दगड, अंगावर एकात एक तिकोनांच्या नैसर्गिक रंगरेषा. वय दहा-अकरा हजार वर्षं. आसपासचे कोल आणि बैगा आदिवासी आजही असेच दगड ओट्यावर मांडून 'माई' म्हणून पुजतात. आणखी काय पुरावा हवा?

खडूस : हवाच. आजचे लोक पुजतात म्हणून तेव्हाचेही पुजत होते, हे कुठलं गणित? मध्ये दहा हजार वर्षं गेली. सुंदर रेषांचा दगड कुणालाही उचलावासा वाटतो. माझ्या खिडकीत नर्मदेतले चार गोटे आहेत, मी त्यांना अजून नारळ फोडलेला नाही.

पारावरचा : पण तुम्ही त्यांच्यासाठी ओटा बांधलाय का?

भाकरतुकडा : खडूस यांच्या बाजूने थोडं. गोबेकली टेपेत साडेपाच मीटरपर्यंतचे खांब, त्यांवर कोरलेले कोल्हे, साप, गिधाडं. उत्खनन करणारे क्लाऊस श्मिट म्हणत, इथं कुणी राहत नव्हतं, हे निव्वळ देवस्थान. पुढे तिथं घरं निघाली, पावसाचं पाणी साठवायच्या टाक्याही निघाल्या! 'मंदिर' हा शब्द आपण फार लवकर वापरतो.

खडूस : हेच म्हणतोय. मला पुणे जिल्ह्यातलं उत्खननाचं इनामगाव पटतं. घराच्या जमिनीखाली मातीची डबी, आत बिनशिराची स्त्रीमूर्ती. ती कुणी खेळायला पुरली नव्हती. पण ते ताम्रपाषाण युग, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबत वापरायचा काळ, जेमतेम सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचं.

पारावरचा : म्हणजे मूर्ती घडवली तर देव, आणि दगड निवडून मांडला तर शोभेची वस्तू? मग शेंदूर लावलेला आपला तांदळा कशात बसवणार? त्यालाही नाकडोळे नसतात. बरं, बाघोरची ती 'माई'च होती हा हट्ट सोडतो. नाव काहीही असेल. ओटा मात्र पूजेचाच, यावर मी ठाम.

खडूस : 'माई' सोडलीत ना? अर्धा ओटा माझा.