प्रतिसाद: भीती खरी, पण तिचा रोख कुणावर?

"बॉम्बस्फोटांनंतर माणूस सावध होणारच, त्यात पूर्वग्रह कसला?" असं म्हणत मुसलमानांकडे संशयाने बघण्याचं समर्थन केलं जातं, ते मला पटत नाही. भीती मलाही वाटते. पण आपल्याच नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव आठवा. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा शुक्रवार. नमाजानंतर बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान, आणि पकडले गेले तेही नऊ मुसलमानच. त्यातल्या बहुतेकांना पाच वर्षांनी जामीन मिळाला. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं, तोवर एकजण वारलाही होता. अटकेची बातमी घरोघरी पोचली होती. सुटकेची किती जणांनी वाचली?

२००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर माझा एक मुसलमान सहकारी नाशिकच्या इंदिरानगरात भाड्याने घर शोधत होता. फोनवर सगळं ठरायचं, नाव सांगितलं की "घरात पाहुणे येणार आहेत" असं उत्तर यायचं. अशी चार घरं गेली. शेवटी तो जवळच्याच वडाळा गावातल्या मुस्लिम वस्तीत राहायला गेला, आणि मग घर नाकारणारे तेच लोक मला म्हणाले, "बघा, हे लोक त्यांच्या-त्यांच्यातच राहतात." मी तेव्हा गप्प बसलो. ते अजून सलतं.